पट्टेवाला, फौजदार आणि गृहमंत्री

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'पोलीस खात्यातील संधी' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नकार दिला. मी बँकेतला कारकून. माझा पोलिसांशी संबंध येतो तो पगाराच्या खात्यापुरता, किंवा कॅश आणताना गाडीवर बंदूकधारी असतो तेवढ्यापुरता. पण सचिव म्हणाले, "सर, तुम्ही एकदा फौजदाराच्या परीक्षेला बसला होता ना, मग बोला." गोष्ट खरी आहे. बसलो होतो. पास झालो नाही. नापास झालेल्या माणसाने मार्गदर्शन करायचे, ही आपल्या मंडळाची जुनी परंपरा आहे, ती मी पुढे चालवतो.

गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. पहाटे पाच वाजता मोलगी रस्त्याला गेले की अंधारात पावलांचा आवाज येतो. पोरे पळत असतात. आपल्या वस्तीतली, सोरापाड्यातली, खापरपर्यंतची. भिल्ल, पावरा, बौद्ध, मुसलमान सगळ्या घरची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कोणाच्या हातात मोबाइलवर घड्याळ लावलेले, कोणाच्या पायात बूट, कोणी अनवाणी. ही सगळी खाकी कपड्यासाठी पळणारी पोरे. म्हणून आज मी भरतीचे नियम सांगत बसणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी एका माणसाविषयी बोलणार आहे. त्याने कोर्टात पट्टेवाला म्हणून काम सुरू केले, मग तो पोलीस फौजदार झाला आणि शेवटी या देशाच्या सगळ्या केंद्रीय पोलीस दलांचा मंत्री झाला. नाव तुम्ही ओळखले असेल. सुशीलकुमार शिंदे.

आता काही जणांच्या कपाळाला आठी पडली, ती मला इथून दिसते. ते आपल्या पक्षाचे नाहीत, आपल्या धम्माचेही नाहीत. शिवाय २०१९ सालची सोलापूरची लोकसभा निवडणूक अजून आपल्याकडे पारावर निघते. त्या निवडणुकीत एका बाजूला शिंदे, दुसऱ्या बाजूला आपले ॲड. प्रकाश आंबेडकर, आणि निवडून आले तिसरेच. शिंदे दीड लाखाहून जास्त मतांनी पडले आणि बाळासाहेबांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. त्यावर वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी घालू. आज मला त्या माणसाच्या राजकारणापेक्षा त्याचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. रस्ता कोणाच्या पक्षाचा नसतो.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ चा, सोलापूरचा. ढोर समाजातला. ढोर म्हणजे कातडे कमावणारे. ज्यांच्या वस्तीचा वास आला की गावचा माणूस नाकाला धोतराचा सोगा लावायचा, त्यांच्यातले. वडील लवकर गेले. १९५७ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, ते सोलापूरच्या सत्र न्यायालयात नोकरीला लागले.

आपल्यापैकी कितीजण आपल्या अक्कलकुव्याच्या कोर्टात जाऊन आलेत? तिथे दारात शिपाई उभा असतो. तो पक्षकाराच्या नावाचा पुकारा करतो. एकदा, दोनदा, तीनदा. साहेब आत येताना उभा राहतो, साहेब बाहेर जाताना उभा राहतो. बेलीफ असेल तर समन्स घेऊन गावोगाव फिरतो, दार वाजवतो, लोक शिव्या घालतात, त्या ऐकून सही घेऊन परत येतो. अशा नोकरीत शिंदे यांनी १९६५ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे काढली. याच काळात त्यांनी सोलापूरच्या दयानंद कॉलेजातून बी.ए. ऑनर्स केले. पुढे पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजातून आणि मुंबईच्या न्यू लॉ कॉलेजातून कायद्याचे शिक्षण घेतले.

या आठ वर्षांवर मी थोडा थांबतो, कारण त्यांच्या चरित्रातला हा भाग लोक दोन ओळींत उरकतात आणि लगेच मुख्यमंत्रिपदावर उडी मारतात. मित्रांनो, मंत्रिपद नशिबाचाही भाग असू शकतो. पण दिवसा लोकांच्या नावाचा पुकारा करायचा आणि स्वतःचे नाव कॉलेजच्या हजेरीपटावर टिकवून ठेवायचे, यात नशिबाचा भाग नसतो. मी बी.ए. केले ते वडिलांच्या जिवावर. हातात पगार आला की पुस्तक कसे जड होते, हे मला नोकरी लागल्यावर कळले. आमच्या बँकेत कारकुनाला ऑफिसर होण्यासाठी परीक्षा असते. दोन वेळा फॉर्म आला, दोन्ही वेळा मी भरला नाही. ऑफिसर झालो तर बदली होईल, आईचे कसे, मुलांच्या शाळेचे कसे, अशी कारणे होती. कारणे खरी होती. पण ज्याने आठ वर्षे पट्टा लावून पदवी घेतली त्याच्याकडेही कारणे असतीलच की.

१९६५ साली ते महाराष्ट्र पोलीस दलात फौजदार झाले. आपल्या जुन्या माणसांना 'फौजदार' या शब्दाचे वजन सांगायला नको. फौजदार गावात आला की चावडी झाडून निघायची. आणि त्या चावडीत आपला माणूस कुठे असायचा? जागल्या म्हणून बाहेर. महार वतनदाराने गावाची शीव राखायची, चोराचा माग काढायचा, गुन्हेगाराला पोहोचवायला तालुक्यापर्यंत चालत जायचे. म्हणजे पोलिसाचे काम पिढ्यान् पिढ्या केले, पण पोलिसाचा मान आणि पगार मात्र नाही. म्हणून १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन दिले, त्यात लष्कर, आरमार आणि पोलीस या खात्यांत अस्पृश्यांच्या भरतीची मागणी होती. त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर बाबासाहेब सभासद होते. ती कमिटी नुसत्या अस्पृश्यांसाठी नव्हती, आदिवासींसाठीही होती, हे या तालुक्यात मुद्दाम सांगतो. आणि महार वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने. म्हणजे शिंदे कोर्टात पट्टेवाला होते त्या काळापर्यंत आपला माणूस कायद्याने गावाचा राखणदारच होता. ढोर समाजातला मुलगा १९६५ मध्ये फौजदाराच्या खुर्चीत बसतो, हे त्या पार्श्वभूमीवर बघा.

पोलीस दलात त्यांची सहा वर्षे गेली, ती सीआयडीत. सिनेमात दाखवतात तसे धाडी आणि पाठलाग हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. सीआयडीच्या माणसाला ऐकायचे, लक्षात ठेवायचे, लिहायचे आणि तोंड बंद ठेवायचे, हे शिकवले जाते. तोंड बंद ठेवण्याची ही सवय पुढे चाळीस वर्षांनी कशी उपयोगी पडली ते सांगेनच.

१९७१ साली त्यांनी नोकरी सोडली. शरद पवारांनी त्यांना राजकारणात ओढले, हे दोघेही सांगत आले आहेत. आता तुम्ही स्वतःला त्यांच्या जागी ठेवा. वय तीस. आदल्या वर्षी लग्न झालेले. सरकारी नोकरी, तीही फौजदाराची, आणि समाजात असा हुद्दा मिळवणारे बोटावर मोजण्याइतके. ती सोडून निवडणुकीला उभे राहायचे. आणि पुढे काय झाले? १९७२ च्या निवडणुकीत करमाळ्याचे तिकीट मिळाले नाही. ते तायाप्पा सोनवणे यांना गेले. नोकरीही गेली, तिकीटही गेले. त्या वेळी त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल, याचा मी विचार करतो. आमच्या घरी तर मला वर्षभर जेवताना ताटाबरोबर ते वाढले असते. सोनवणे यांच्या निधनानंतर जागा रिकामी झाली, १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि शिंदे आमदार झाले. लवकरच राज्यमंत्री झाले.

इथे मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण भाषणांतून ती नेहमी लपवली जाते. शिंदे पोलीस खात्यातून बढतीने दिल्लीला गेले नाहीत. फौजदाराचा निरीक्षक, निरीक्षकाचा उपअधीक्षक, असे करत कोणी देशाचा गृहमंत्री होत नाही. ती शिडी तिथपर्यंत जातच नाही. शिपायाची शिडी तर आणखी तोकडी. माझ्या काउंटरवर पेन्शनला एक काका येतात. छत्तीस वर्षे खात्यात काढली, शिपाई म्हणून लागले, निवृत्त झाले ते सहायक फौजदार म्हणून. म्हणतात, "खांद्यावर तारा येऊस्तोवर खांदाच वाकला." २०२२ साली शासनाने पोलीस नाईक हे मधले पद रद्द केले, ते शिपायाला निवृत्तीपूर्वी फौजदारपदापर्यंत पोहोचता यावे म्हणूनच. आमच्या काकांना त्याचा उपयोग नाही. आज भरती होणाऱ्यांना होईल.

दुसरा रस्ता वरून उतरतो, तो आयपीएसचा. सदानंद दाते यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पुण्यात लहानपणी घरोघर वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा. १९९० च्या तुकडीतून आयपीएस झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा हॉस्पिटलमध्ये कसाब आणि त्याच्या साथीदाराशी लढताना हातबाँबच्या तुकड्यांनी जखमी झाला. पुढे २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा, महासंचालक झाला. गणवेशात राहून दिल्लीत सर्वोच्च ठिकाणी जायचे असेल तर हा रस्ता. त्यासाठी यूपीएससी द्यावी लागते आणि ती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सुचली तर बरे. आमच्या वेळी अक्कलकुव्यात ती सुचवणाराच कोणी नव्हता. आज इंटरनेट आहे, अभ्यासिका आहे. तरी मी पाहतो, दहातले नऊ जण शिपायाचाच फॉर्म भरतात. बारावीवर मिळते, लवकर मिळते, घरी पैसा लागतो. मी त्यांना नावे ठेवणार नाही.

शिंदे यांचा रस्ता या दोन्हींतला नव्हता. पण त्यांच्या हाडात फौजदार राहिला, असे माझे मत आहे.

मधला काळ मी भरभर सांगतो. ते महाराष्ट्राचे अर्थमंत्री होते आणि त्यांनी नऊ वेळा राज्याचा अर्थसंकल्प मांडला. आम्हा बँकवाल्यांना संध्याकाळी एका काउंटरची कॅश जुळवताना घाम फुटतो, त्यामुळे हा आकडा मला फार मोठा वाटतो. १९९२ ला राज्यसभा, मग १९९८ आणि १९९९ ला सोलापूरहून लोकसभा. २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी भैरोंसिंह शेखावत यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी हरले. १८ जानेवारी २००३ रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. त्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घरी रंगीत टीव्ही नुकताच आला होता आणि शपथविधीच्या बातम्या बघताना वडील एवढेच म्हणाले, "फौजदार होता तो." त्या एका वाक्यावर मी एमपीएससीचा फॉर्म भरला. पूर्व परीक्षा निघाली, मुख्य निघाली नाही. दुसऱ्या वर्षी बँकेची परीक्षा निघाली. आई म्हणाली, सावलीतली नोकरी आहे, घे. घेतली.

मुख्यमंत्री म्हणून त्यांचा काळ दोन वर्षांचाही नव्हता आणि तो सोपा नव्हता. २५ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईत गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार येथे स्फोट झाले. त्याच वर्षी तेलगीचा मुद्रांक घोटाळा उघडकीला येत होता आणि डिसेंबरमध्ये मुंबईचे नुकतेच निवृत्त झालेले पोलीस आयुक्त अटकेत गेले. जो माणूस एके काळी या खात्यात फौजदार होता, त्याच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याला कोर्टात उभे राहावे लागले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आघाडी निवडणूक जिंकली आणि जिंकून शिंदे यांचे मुख्यमंत्रिपद गेले. त्यांच्या जागी विलासराव देशमुख आले. निवडणूक हरून खुर्ची गेलेले पुष्कळ असतात. जिंकून गेली, आणि ती कोणाची गेली, यावर आपल्या समाजात तेव्हा खूप बोलले गेले. मला स्वतःला ते वागणे बरोबर वाटले नाही. शिंदे मात्र काही बोलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला गेले. पुन्हा तोंड बंद ठेवण्याची सवय. ती चांगली की वाईट, हे ठरवणे कठीण आहे. माझ्या मुलाचे मत आहे की वाईट.

२००६ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले आणि सहा वर्षे राहिले. ३० आणि ३१ जुलै २०१२ असे लागोपाठ दोन दिवस उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम कोसळले. सुमारे ६० कोटी लोक अंधारात. पश्चिम ग्रिड वाचला म्हणून आपल्याकडे दिवे होते. म्हणजे ज्या पाड्यांवर दिवे होते तिथे. धडगावकडच्या डोंगरातल्या माणसाला ३१ जुलै आणि इतर दिवसांत फरक कळला नसता. आणि नेमक्या त्याच ३१ जुलैला शिंदे देशाचे गृहमंत्री झाले. त्यावरून पेपरांनी पुष्कळ चेष्टा केली, ती काही अगदी अन्यायाची नव्हती.

सोळाव्या वर्षी कोर्टाचा पट्टा लागला तेव्हापासून ५५ वर्षे, फौजदारकी सोडल्यापासून ४१ वर्षे. बुटासिंग यांच्यानंतर या खुर्चीवर बसलेले ते दुसरे दलित. महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण, शिवराज पाटील आधी बसून गेले होते, पण त्यांच्यापैकी कोणी पोलिसाचा गणवेश घातलेला नव्हता.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी एक नीट समजून घ्यावे, मुलाखतीत विचारतात. पोलीस हा राज्याचा विषय आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्य सूचीत तो आहे. अक्कलकुव्याच्या ठाण्यातल्या हवालदाराची बदली दिल्लीचा गृहमंत्री करू शकत नाही. त्याच्या हाताखाली असतात ती सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी ही दले, गुप्तवार्ता विभाग, २००८ नंतर एनआयए, आणि दिल्ली पोलीस. सीबीआय मात्र गृहखात्यात नाही, कार्मिक खात्यात आहे. इथे पुष्कळ जण चुकतात.

आता ती तोंड बंद ठेवण्याची गोष्ट. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडले ते सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी. हातात लाठी होती. त्याच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. बघा, माझे पेन्शनवाले काका ज्या पदावर निवृत्त झाले त्याच पदाचा हा माणूस. कसाबवर खटला चालला, अपील झाले, दयेचा अर्ज झाला. ५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला. ७ तारखेला गृहमंत्री शिंदे यांनी फाइलवर सही केली आणि ती महाराष्ट्र सरकारकडे गेली. २१ नोव्हेंबरला सकाळी साडेसात वाजता पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली. मधले दोन आठवडे देशात कोणाला पत्ता नाही. नंतर त्यांनी सांगितले की मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनाही हे टीव्हीवरूनच कळले, आणि गुप्तता पाळण्याबाबत बोलताना त्यांनी आपल्या जुन्या पोलीस नोकरीचा उल्लेख केला. एका सहायक फौजदाराने पकडले आणि एका माजी फौजदाराच्या सहीने ते प्रकरण संपले. त्या दिवशी मी बँकेत होतो. काउंटरवरची गर्दी टीव्हीसमोर गेली आणि अर्धा तास एकही स्लिप आली नाही.

पण कौतुकच करायचे असते तर मी भाषण दहा मिनिटांत संपवले असते. महिनाभरात, १६ डिसेंबर २०१२ रोजी, दिल्लीत चालत्या बसमध्ये एका मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. दिल्लीचे पोलीस थेट गृहखात्याचे. हजारो मुले-मुली राष्ट्रपती भवनासमोर आली आणि त्यांच्यावर थंडीत पाण्याचे फवारे आणि लाठ्या चालल्या. गृहमंत्र्यांनी रस्त्यावर येऊन त्यांच्याशी बोलावे, अशी लोकांची अपेक्षा होती. ते गेले नाहीत. वर, उद्या माओवादी निदर्शने करतील तर त्यांनाही भेटायचे काय, अशा अर्थाचे बोलून गेले. मला ते फार लागले. कारण जो माणूस कोर्टाच्या दारात उभा राहून गरिबांचे चेहरे पाहत मोठा झाला, त्याला त्या मुलांचे चेहरे ओळखू यायला हवे होते. इथे हाडातला फौजदार आडवा आला, असे मला वाटते. फौजदाराला जमाव दिसतो, माणसे दिसायला वेळ लागतो.

तरीही त्याच प्रकरणातून जो कायदा झाला तो त्यांच्याच गृहखात्याने आणला, हेही सांगितले पाहिजे. न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला, फेब्रुवारी २०१३ मध्ये वटहुकूम निघाला आणि एप्रिलमध्ये कायदा झाला. त्यात भारतीय दंड संहितेत १६६-अ हे कलम आले. स्त्रीवरील अशा गंभीर गुन्ह्याची फिर्याद पोलिसाने नोंदवून घेतली नाही तर त्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरी. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम १९९ क्रमांकाने आहे. माता-भगिनींनो, हा आकडा पदराला गाठ मारून ठेवा. हद्द आमची नाही, दुसऱ्या ठाण्यात जा, असे कोणी म्हणाले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. आपल्याकडे तर हद्दीचा प्रश्न रोजचा. पलीकडे सागबारा, गुजरात. मजूर तिकडे ऊसतोडीला जातात, काही घडले तर इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात इकडे. आणि माझ्यासमोर बसलेल्या ज्या मुली उद्या ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसतील, त्यांनाही हे कलम तितकेच लागू आहे.

२०१४ च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकसभेत तेलंगणाचे विधेयक मांडले, तेव्हा सभागृहात एका सदस्याने मिरपूड फवारली आणि खासदार डोळे चोळत बाहेर पळाले. ज्या आंध्रचे ते राज्यपाल होते त्याचेच विभाजन त्यांच्या हातून झाले. मे महिन्यात सरकार गेले आणि सोलापूरची त्यांची स्वतःची जागाही गेली. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांची मुलगी प्रणिती त्याच जागेवरून खासदार झाली.

त्याच वर्षी दिल्लीत त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे प्रकाशन झाले. त्या वेळी ते बोलून गेले की गृहमंत्री असताना श्रीनगरच्या लाल चौकात गेलो, त्याचे खूप कौतुक झाले, पण आतून मी घाबरलो होतो हे कोणाला सांगणार. लोक हसले. विरोधकांनी दुसऱ्या दिवशी त्यावर राजकारण केले. मला मात्र त्यांच्या सगळ्या भाषणांत हे बोलणे जास्त आवडले. त्र्याऐंशी वर्षांचा माजी फौजदार, माजी गृहमंत्री, भीती वाटली होती असे चारचौघांत सांगतो. गणवेशातल्या माणसाला हे सांगायला साठ वर्षे लागली. ओंबळ्यांनाही त्या नळीची भीती वाटली नसेल असे मला वाटत नाही.

आपल्या जिल्ह्याला पोलीस म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबारची मिरवणूक आणि शिरीषकुमारसह पाच कोवळी मुले. गोळ्या पोलिसांच्याच होत्या, राज्य इंग्रजांचे असले तरी. दुसरी म्हणजे डोंगरातला माणूस अजूनही खाकी कपडा दिसला की पाड्याबाहेर निघून जातो. तो जातो, कारण आलेल्या पोलिसाची भाषा त्याला कळत नाही आणि त्याची भाषा पोलिसाला. मोलगी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांपैकी ज्यांना भिलोरी किंवा पावरी येते, त्यांनी ती फॉर्मवर अभिमानाने लिहावी.

आज आपण ज्या मुलीचा सत्कार केला ती पोलीस शिपाई म्हणून निवडली गेली आहे. तिने सकाळी मला विचारले, "काका, ट्रेनिंग झाल्यावर पुढे शिकता येतं का?" आणि मागच्या रांगेत एक मुलगा बसला आहे, नाव घेत नाही, तो लाजेल. त्याला एका कोर्टात शिपायाची जागा मिळते आहे आणि बी.ए. चे दुसरे वर्ष अर्धे राहिले आहे. त्याचे वडील म्हणतात रुजू हो, मामा म्हणतात पदवी पुरी कर, आणि दोघांनीही माझ्याकडे निवाडा मागितला आहे.

बाळा, तू रुजू हो. आणि दुसऱ्याच आठवड्यात मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आण. यशवंतराव चव्हाण विद्यापीठाची पदवी फौजदाराच्या परीक्षेला चालते. नोकरीत असताना परीक्षेला बसायचे तर कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन. ताई, तुलाही हेच उत्तर. रविवारी सकाळी दहा ते एक मी मंडळाच्या अभ्यासिकेत बसतो. चलन, फोटो, जातीच्या दाखल्याची प्रत आणि वैधता प्रमाणपत्र घेऊन या. वैधता प्रमाणपत्र आधी काढा, त्यातच वर्ष जाते. आणि माझ्याही टेबलावर या वर्षी बँकेचा ऑफिसरचा फॉर्म आलेला आहे. शेवटची तारीख एकवीस. तो भरला की नाही हे त्या रविवारी मला विचारायला हरकत नाही.

जयभीम.